शोकेसमधली मथुराबाई

उर्वशी राठोडने समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्याची भीती मात्र तिला पुरेपूर होती. दोन हजार सातच्या मार्चमध्ये तिच्या नवऱ्याने, सेवादासने, महाराष्ट्र दर्शनाच्या सवलतीवर मे महिन्यात कोकणात जायचं नक्की केलं. तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. दहा वर्षांची निकिता बापाचा हात सोडून लाटांत पळते आहे, आपण वाळूवर उभ्या आहोत आणि पोरगी मुंगीएवढी दिसते आहे.

सेवादास वीज मंडळात लाइनमन. रोज खांबावर चढणाऱ्या माणसाला पाण्याचं काय भय! तो हसायचा. म्हणायचा, "तू काठावर बसून राहा. आम्ही दोघं जाऊ पाण्यात."

"आणि मी काय करू? देवाचं नाव घेत बसू?"

"फोटो काढ."

कॅमेऱ्याचा विषय घरात निघाला तो असा. निकिता लगेच आईला म्हणाली, "याडी, झूमवाला घ्यायचा. लांबचं माणूस एकदम जवळ येते." उर्वशीच्या डोक्यात ते वाक्य बसलं. पोरगी कितीही लांब गेली तरी तिचा चेहरा जवळ आणता येणार असेल, तर तसाच कॅमेरा घ्यायचा. बाकी काही असो नसो, झूम हवा.

रविवारी ती एकटीच यवतमाळला गेली. दुकानातला विक्रेता टाय लावलेला, बोलायला गोड. त्याने तिची सुती साडी पाहिली, खांद्यावरची झोळी पाहिली आणि विचारलं, "कोणत्या संस्थेच्या तुम्ही, मॅडम?"

"संस्था कसली?"

"म्हणजे सर्व्हेवाल्या, की पेपरवाल्या?"

"मी शिक्षिका आहे. आर्णीकडच्या शाळेत. सुटीत फिरायला जायचंय, त्यासाठी पाहिजे."

त्याला ते पटलं नाही. आर्णीकडून कोणी फिरायला जातं, हेच त्याला नवीन असावं. "काही हरकत नाही, बिल सांगाल त्या नावावर करून देऊ," असं म्हणत त्याने काचेतून एक चंदेरी कॅमेरा काढला. "हा घ्या. परवा मुंबईचे लोक असेच तीन घेऊन गेले. कसं आहे मॅडम, जवळ गेलं की बाया तोंडावर पदर ओढतात, नाहीतर रडणंच थांबवतात. याचा झूम मस्त आहे. रस्त्याच्या त्या बाजूला उभं राहून काढता येते, बाईले पत्ताही लागत नाही. एकदम नॅचरल येते."

उर्वशीच्या अंगाची लाही लाही झाली. ती वर्षं तशीच होती. कापसाने माणसं खाल्ली होती हे खरं. पण त्या माणसांच्या मागे जे लोक गावात यायचे त्यांच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. पांढऱ्या गाड्या यायच्या. गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर उतरून विचारायची, "केस कुठे आहे?" माणसाचं नाव नाही, घराचं नाव नाही, केस. मग ते घरात शिरायचे, भिंतीवरचा फोटो खाली काढून बाईच्या हातात द्यायचे, तिला दारात उजेडाला बसवायचे, मान थोडी इकडे करा म्हणायचे आणि निघून जायचे. उर्वशीच्या वर्गातल्या एका मुलाला आईच्या मांडीवर बसवून असे सात वेळा फोटो काढले होते. सातव्या वेळी तो मुलगा गाडी पाहूनच आपणहून जाऊन दारात बसला.

"मला समुद्राचा फोटो काढायचाय," ती म्हणाली. "समुद्र तोंडावर पदर ओढत नाही."

विक्रेता कसनुसा हसला. ती उठून जाणार होती, पण दुसऱ्या दुकानातही असाच कोणी टाय लावून उभा असणार. मग तिने ठरवलं की बोलायचं ते याच्याशीच, आणि चांगलं नाकी नऊ आणून. उर्वशी बी.एस्सी. झालेली, पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवणारी. त्याने बारा पट झूम सांगितला, तेव्हा तिने कॅमेरा हातात घेऊन दुकानाच्या दारातून समोरच्या पाटीवर धरला, बटण दाबलं, मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून त्याच्याच नाकासमोर नेला. अक्षरांचे नुसते चौकोन झाले होते.

"यातला भिंगाचा झूम किती आणि नुसतं चित्र ताणून मोठं केलेलं किती?"

"मॅडम, तसं पाहिलं तर... तीन पट भिंगाचा."

"मग बारा कशाला सांगता? तीन सांगा." नंतर तिने बॅटरीचं विचारलं. चार्जिंगची बॅटरी असलेला दिसायला नाजूक होता, पण तिच्या गावी बारा बारा तास लाइट नसायची, आणि त्याबद्दलच्या शिव्या तिच्याच नवऱ्याला खाव्या लागायच्या. तिने पेन्सिल सेलवर चालणारा, जरा जाडसर, तीन पट झूमवाला कॅमेरा घेतला. पेन्सिल सेल काय, कोकणातल्या किराणा दुकानातही मिळतील. निघताना विक्रेता म्हणाला, "मॅडम, तुम्हाला बरंच समजते हो." यातही तिला राग येण्यासारखंच काहीतरी होतं. पण बस सुटायची वेळ झाली होती.

शाळा आर्णीपासून बसने अर्ध्या तासावर. तिथे खिचडी शिजवायला मथुराबाई होती. पंचेचाळिशीची, काळी, काटक. माहेर वणीकडचं राजूर, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. त्यामुळे ती म्हणायची, "मी जल्मलीच धुपनात, मले चुलीचं काय कौतिक!" तिचा पुढचा एक दात पडलेला होता आणि तो कसा पडला याच्या ती तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगायची, एकीत बैल होता, एकीत सासू, आणि तिसरी मुलांसमोर सांगण्यासारखी नव्हती. ती हसली की उर्वशीचा वर्ग थांबायचा. पटावर एकशे साठ मुलं असायची, पण आज खरी किती आली हे मथुराबाई गेटातून येणाऱ्या पायांवरून ओळखायची. सकाळी घरून उपाशी आलेलं पोर कोणतं, हे तिला हजेरीच्या आधी कळायचं आणि त्याच्या ताटलीत तळाची जाड खिचडी पडायची.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असा नियम आहे. ती चव उर्वशीकडे होती. रोज मथुराबाई वाटीत खिचडी घेऊन वर्गाच्या दारात यायची आणि म्हणायची, "घ्या मॅडम, तुमी पयले मरा, मंग लेकरं खातीन." आणि दोघी हसायच्या.

तिचा नवरा मारोती. आर्णीच्या बाजार समितीत मापारी. शेत म्हणाल तर त्यांच्या नावावर नांगराच्या एका तासाएवढीही जमीन नव्हती. बापजाद्यांपासून दुसऱ्याचं पीक तोलत आलेले. बायको जेवढी बोलकी तेवढा हा मुका. तोलताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, अशी तिथली रीत. लाभ, दोन, तीन, चार. मथुराबाई म्हणायची, "आमचे हे दिवसभर मोजतेत. घरी आल्यावर बोलाले आकडेच उरत नाही त्याईच्याजवळ."

कॅमेरा घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात उर्वशी तो शाळेत घेऊन आली. कोकणात ऐन वेळी चुकू नये म्हणून सराव करायचा होता. मधल्या वेळात तिने व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून गेटावरचा कावळा जवळ आणला, ध्वजाच्या खांबाचं टोक जवळ आणलं. मग कॅमेरा मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडकडे वळवला. आदल्या रात्री अवकाळी शिंतोडे आले होते आणि चुलीतल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, ओल्या होत्या. त्या पेटत नव्हत्या, नुसत्या धुपत होत्या. मथुराबाई गुडघ्यावर बसून फुंकणीने फुंकत होती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पदराचं टोक तोंडाशी. उर्वशीने बटण दाबून तिला जवळ, आणखी जवळ आणलं. गालावरचं पाणी दिसायला लागलं. धूर चौकटीच्या बाहेर राहिला.

तिने फोटो काढला. मथुराबाईला पत्ताही लागला नाही.

त्या आठवड्यात उर्वशीने आर्णीच्या रामधनच्या स्टुडिओत कार्ड देऊन दहा-बारा प्रती काढायला सांगितल्या. रामधन सगळ्या तालुक्याचे लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढणारा. मथुराबाईचा फोटो पाहून तो खुर्चीतून उठलाच. "मॅडम, हा तुमी काढला? काय फोटो हाय! मी म्हनतो, मोठा करून शोकेसमध्ये लावू काय?"

उर्वशीला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. तिला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने काढलेली एखादी गोष्ट काचेमागे लागणार होती. ती म्हणाली, "लावा की." मथुराबाईला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. उलट, बाजाराच्या दिवशी बाईला तिथे नेऊन एकदम चकित करू, असा तिचा बेत होता.

तो बेत राहून गेला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मथुराबाईच्या गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला.

राजूरहून तिचा भाऊ आला होता, सोबत दोन भावजया आणि एक चुलती. दुखवट्याला येणाऱ्या बाया तिकडे गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत येतात. तशाच त्या येत होत्या, आणि भावाच्या काखेत दुखवट्याचं लुगडं होतं. बहीण विधवा झाली की माहेराहून न्यायचं असतं ते. मारोती ओसरीवर आरशाचा तुकडा खिडकीत टेकवून दाढी करत होता. रडणं ऐकून तो अर्ध्या तोंडाला साबण लावलेला तसाच बाहेर आला आणि म्हणाला, "कोन मेलं बा?"

चुलती तिथेच मटकन खाली बसली.

भावाने खिशातून घडी केलेलं साप्ताहिकाचं पान काढलं. अर्ध्या पानावर मथुराबाई होती. गालावर पाणी, तोंडाशी पदर. खाली ठळक अक्षरांत: कापसाने कुंकू पुसलेली आणखी एक शेतकरी विधवा, आर्णी तालुका. भावाच्या ओळखीच्याने खाणीच्या कँटीनमध्ये ते पान पाहिलं होतं. घरातल्या मागच्या लग्नात मानपानावरून बहिणीशी बोलाचाली झाली होती, म्हणून आपल्याला कळवलंच नाही, असं समजून तो फोनही न करता रागाने आणि दुःखाने निघून आला होता.

मथुराबाईने पान पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. "अगं माय, मी रडून राह्यली? कायले?" मग तिने मारोतीकडे पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. मारोती पानाकडे बघत उभा होता. साबण गालावर वाळत होता.

त्या दिवसापासून मारोतीचं काहीतरी बिघडलं. बाजार समितीत हमाल थट्टा करायचे, "पाहा रे, मेलेला मापारी काटा धरून राह्यला!" थट्टाच ती. पण तो तोलताना आकडे चुकायला लागला. मग जाईनाच. ओसरीवर बसून राहायचा, ते पान उलगडायचा, मिटायचा. शेजारच्या घरी हळद होती. मथुराबाई जात्याला हात लावायला गेली, तर त्या घरच्या म्हातारीने "थांब वं जराशी" म्हणून दुसरीला बोलावलं. नवरा दहा पावलांवर बसलेला दिसत होता, तरीसुद्धा! छापलेल्याची अशी दहशत. आणि मथुराबाईला रात्री झोप येईना. ती उर्वशीला म्हणाली, "मॅडम, हे घरी एकटे अस्ले की मी घडीघडी जाऊन पाहून येते. लोकायनं लिहून टाकलं ना की हा मेला. मानसाच्या मनाचं काय सांगता येते? त्याईले वाटलं, लिहेलंच हाय, त..." पुढचं ती बोलली नाही. त्या वर्षांत पुढचं बोलावं लागत नसे.

ती असंही म्हणाली, "कोन भामटा रस्त्यावरून फोटो काढून गेला, त्याचे हात झडो."

उर्वशीच्या हातात चवीची वाटी होती. तिने ती खाली ठेवली.

"तो फोटो मी काढला, मथुराबाई. व्हरांड्यातून."

मथुराबाई तिच्याकडे पाहत राहिली. "तुमी?"

"सराव म्हणून. रामधनने लावायला मागितला, मी हो म्हटलं. तिथून कोणीतरी नेला असेल."

"अवं, मी समोर होती न! रोज तुमच्या हातात वाटी देते. एक हाक मारली अस्ती, 'मथुरे, इकडं पाह्य', त मी उठली नस्ती काय? लुगडं नीट केलं नस्तं काय? दुरून काहून काढला? मी काय वाघ हाव?"

यवतमाळच्या त्या टायवाल्याचे शब्द तिला आठवले, बाईले पत्ताही लागत नाही. आणि समुद्रावरून त्याला केलेला टोमणाही आठवला. दुसऱ्या दिवशी चवीची वाटी वर्गाच्या दारात नुसती ठेवलेली होती. मथुराबाई ठेवून निघून गेली होती. तिसऱ्या दिवशीही तसंच.

तिने साप्ताहिकाला फोन लावला. तीन वेळा लावल्यावर एक माणूस बोलला. अतिशय सभ्य.

"चूक झाली असेल तर आम्हाला वाईट वाटतं, मॅडम. पण फोटो खोटा नाही ना? बाई रडतेच आहे."

"धुराने रडते आहे! पऱ्हाट्या ओल्या होत्या!"

"फोटोत धूर कुठे आहे?"

"तिचा नवरा जिवंत आहे. त्याच्याकडे शेतही नाही. तुम्ही एका शब्दाने चौकशी केली नाहीत. आता त्या दोघांचा फोटो छापा, तेवढाच मोठा, त्याच पानावर."

मग तो माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, कुणाचा तरी नवरा जिवंत आहे, ही बातमी कशी होईल?"

उर्वशीने ते वाक्य सेवादासला सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. एवढ्या तालुक्यात सकाळी उठून कामाला जाणारी, तोलणारी, शिजवणारी, रात्री घरी येणारी हजारो माणसं. त्यांच्यापैकी एकाचंही तोंड कोणाला नको होतं. ते मेले की मात्र गाड्या निघणार. आणि मेले नसतील तर मारणार!

तरी त्या सभ्य माणसाने शुद्धिपत्र द्यायचं कबूल केलं. पुढच्या अंकात, आतल्या पानाच्या तळाला, ते आलं. "गेल्या अंकातील छायाचित्रातील महिलेचे दिवंगत पती हे शेतकरी नसून बाजार समितीत मापारी होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

उर्वशीने ते मथुराबाईला वाचून दाखवलं. दाखवावंच लागलं, लपवून पुन्हा एक गुन्हा कुठे करायचा? मथुराबाईने नीट ऐकून घेतलं. "म्हंजे आता बरोबर पत्त्यावर मारला त्याईले," ती म्हणाली. फोटो कोणी काढला ते कळल्यानंतर ती उर्वशीशी पहिल्यांदाच सरळ बोलत होती. "मॅडम, तुमचं ते यंत्र कुठं हाय?"

"घरी. मी हात लावला नाही त्याला."

"उद्या घेऊन येजा. आनि जवळून काढजा. मले दिसली पायजे तुमी."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मथुराबाईने मारोतीला जवळजवळ ओढतच आणलं. शेडसमोर, चुलीशेजारी, उघड्यावर दोघं उभे राहिले. भावाने आणलेलं दुखवट्याचं लुगडं तिने फाडून त्याची जाड फडकी केली होती. खिचडीचा तापलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवायला कापड हवंच होतं. एक फडकं तिच्या खांद्यावर होतं. उर्वशी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभी राहिली. झूमच्या बटणाला तिने बोट लावलं नाही. मारोती जमिनीकडे पाहत होता.

"मारोतीभाऊ, वर पाहा. मी तीन म्हटलं की काढते. एक..."

मारोतीने मान वर केली. कित्येक दिवसांत त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"एक नाही मॅडम," तो म्हणाला. "लाभ."

मथुराबाई हसली. ते तिचं नेहमीचं, वर्ग थांबवणारं हसू, पडलेल्या दातासकट. उर्वशीने 'लाभ, दोन, तीन' म्हटलं आणि बटण दाबलं.

उरला रामधन. दुपारच्या बसने उर्वशी त्या दोघांना घेऊन आर्णीला गेली. शोकेसच्या मधोमध, दोन नवरानवरींच्या फोटोंमध्ये, रडणारी मथुराबाई अजून तशीच होती. मथुराबाईने स्वतःला असं पहिल्यांदाच एवढं मोठं पाहिलं.

रामधनने उर्वशीचा चेहरा पाहिला आणि आपणहूनच सुरू झाला, "मॅडम, तुमचा राग बरोबर हाय. मी त्या पेपरवाल्याले तुमचं नाव लिहून देलतं. त्यायनं छापलं नाही, माही काय चूक?"

"माझं नाव?" उर्वशीचा आवाज चढला. "माझ्या नावासाठी आले असं वाटतं तुम्हाला? हे कोण आहेत ओळखता? हे मारोतीभाऊ. मापारी. तुमच्या दुकानासमोरून रोज मान खाली घालून सायकलने जातात. लग्नात यांचा फोटो तुमच्या वडिलांनी काढला. फोटो नेणाऱ्याला एवढंही सांगता आलं नाही, की बाबा, या बाईचा नवरा आहे?"

"त्यानं विचारलंच नाही न मॅडम. त्याले रडनारी बाई पायजे होती. मी म्हटलं, हाय एक." रामधनने शोकेसकडे बोट केलं. "आनि लावाले त तुमीच हो म्हटलं."

"म्हटलं," उर्वशी म्हणाली. "म्हणूनच आले. तो काढा. हा लावा. तेवढाच मोठा. तिथेच."

रामधनने कार्डावरचा फोटो पाहिला. बाईचे डोळे हसण्यात मिटलेले, बाप्याचा सदरा चुरगळलेला, मागे गंज. "असा फोटो शोकेसमध्ये शोभते काय?" तो पुटपुटला.

मथुराबाई पुढे झाली. "रामधनभाऊ, रडताना शोभली, मंग हसताना काहून नाही शोभनार?"

बुधवारी बाजाराचा दिवस. रामधनने फोटो लावला होता. मारोती त्या दिवशी बाजार समितीत जायला निघाला, पण वाटेत शोकेससमोर सायकल लावून उभा राहिला, आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाही. येणारा जाणारा काचेत पाहायचा, मग त्याच्याकडे पाहायचा. "मारोतीभाऊ, हा तूच का रे?" मारोती म्हणायचा, "मीच." कोणी म्हणायचं, "पन तू त..." तो म्हणायचा, "नाही." एवढंच. पण तेवढ्या वेळात ते दोन शब्द त्याने शंभरदा म्हटले असतील. दुपारी तो काट्यावर गेला. हमालांनी काही थट्टा केली की नाही माहीत नाही, पण त्या दिवशी त्याचे आकडे चुकले नाहीत.

रडणारा फोटो मथुराबाईने रामधनकडून मागून घेतला होता. शाळेचा शेवटचा आठवडा होता. सकाळी तिने तो चुलीत घातला, वर पऱ्हाट्या रचल्या आणि काडी लावली. फोटोचा कागद नीट जळत नाही, वळतो आणि धुपतो. शेडमध्ये काळा, उग्र वास भरला. मथुराबाई फुंकणी घेऊन वाकली, खोकली, पुन्हा फुंकली. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. उर्वशी धावत शेडपाशी आली. तिच्याही डोळ्यांना धार लागली.

पऱ्हाट्या पेटल्या. मथुराबाई उठली, पदराने तोंड पुसलं आणि उर्वशीकडे पाहिलं.

"घ्या मॅडम, आता दोघी रडून राह्यलो. बोलवा त्या पेपरवाल्याले."

तास-दीड तासाने ती वाटी घेऊन वर्गाच्या दारात आली. वाटी तिने उंबऱ्यावर ठेवली नाही. उर्वशीच्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या. तुमी पयले मरा, मंग लेकरं खातीन."